पांढऱ्या चादरींचं गाणं

आमच्या घरात त्या सिनेमाला नाव नव्हतं. पोस्टरवर होतं, तिकिटावर होतं, पण आम्ही त्याला नुसतं ‘आपला’ म्हणत असू. शेजारच्या कुसुमकाकू भिंतीपलीकडून ओरडायच्या, “मंदाच्या आई, आपला लागला वं!” आणि आई पिठाचे हात तसेच घेऊन अंगणात यायची. उन्हाळ्यात शाळांचे निकाल लागले, नवे सिनेमे येईनासे झाले की सीताबर्डीवरचं एक टॉकीज तो पुन्हा लावायचं. नवा आला तेव्हा मी जन्मलेही नव्हते. मी पाहू लागले तोवर त्याच्या रिळांवर पावसासारख्या रेघा पडायला लागल्या होत्या, दोन-चार ठिकाणी चित्र उडी मारायचं आणि नायकाच्या बापाचं एक भाषण अर्ध्यातच संपायचं. तरी हाऊसफुल्लची पाटी लागायची. घरोघरी लोकांना तो पाठ होता आणि पाठ असलेलंच पाहायला ते जायचे.

गोष्ट अगदी साधी होती. वकिलाची मुलगी, समोरच्या घरात भाड्यानं राहणारा गाण्याचा मास्तर, मध्ये एक बोळ. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. ती गच्चीवर कपडे वाळत घालताना गाते, तो खिडकीत बसून तिची ओळ पुरी करतो. पुढे गैरसमज, ताटातूट, शेवटी रेल्वेच्या फलाटावर भेट. त्यातली सगळीच गाणी चांगली होती, पण इंटरवलनंतर लगेच येणारं चादरींचं गाणं ऐकायला माणसं शेंगदाण्याची पुडी अर्धी टाकून आत पळायची. दुपारची वेळ, गच्चीभर दोरीवर पांढऱ्या चादरी, आणि नायिका त्यांच्यामधून एकदा दिसते, एकदा लपते. दोन कडवी अशी चादरींत जातात. तिसऱ्या कडव्याला ती रिकामी टोपली कमरेवर घेऊन अंधाऱ्या जिन्यानं खाली उतरू लागते, आणि तिथं सगळी वाद्यं थांबतात. फक्त तिचा आवाज आणि बांगड्या. त्या वेळी सगळं टॉकीज इतकं गप्प व्हायचं की पंख्यांची घरघर ऐकू यायची. आई म्हणायची, “तिसरं कडवं ऐकलं नाही तर पैसे वाया.” तिच्या मते पहिली दोन कडवी त्या तिसऱ्यासाठीच लिहिली होती.

आई सुरेल नव्हती. तिला श्वास पुरत नसे. लहानपणी तिला सांध्यांचा ताप येऊन गेला होता आणि त्यानं हृदयाची झडप बिघडली होती, हे मला फार नंतर कळलं. तेव्हा एवढंच ठाऊक होतं की आईनं जड बादली उचलायची नाही, आणि जिना चढली की मधल्या पायरीवर बसायची. पण चादरी वाळत घालताना ती गायचीच. एक ओळ म्हणायची, थांबायची, श्वास घ्यायची, आणि पुढची ओळ ताईवर सोपवायची. ताई म्हणजे माझी थोरली बहीण मंदा; मी धाकटी, बेबी. तिचा गळा ऐकून गल्लीतले लोक म्हणायचे, वानखेडे मास्तरच्या घरी रेडिओ फुकटचा आहे. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात सकाळ व्हायची ती अशी: स्टोव्हची फरफर, बाबांचं मोठ्यानं वर्तमानपत्र वाचणं, ताईचं कडवं, आणि त्यातून आईचं, “मंदे, तान नको घेऊ वं, सरळ म्हण. ती सरळच म्हणते.”

बाबा हायस्कुलात गणित शिकवायचे. गाण्यातलं त्यांना काही कळत नसे, पण दर उन्हाळ्यात ते आम्हाला ‘आपला’ दाखवायला न्यायचे. दुपारचा खेळ असायचा. बाहेर नागपूरचं ऊन, डांबर चपलांना चिकटायचं. आत वाळ्याच्या ताट्यांतून येणारा ओला वास. आई डब्यात पुडाच्या वड्या द्यायची, कोथिंबीर आणि खोबऱ्यानं गच्च भरलेल्या, आणि अंधारात त्या खाताना बोटांना लागलेलं तेल मी फ्रॉकला पुसायची. सिनेमाआधी काचा यायच्या. आजच्या मुलांना हे सांगावं लागतं. स्लाइड म्हणत त्याला. साड्यांच्या दुकानाची, चहाची, दंतमंजनाची काच. आणि मधूनच, चालू सिनेमावर, एखादी हातानं लिहिलेली. कुणाला तातडीनं बाहेर बोलवायचं असलं की निरोप घेऊन आलेला माणूस तिकिटाच्या खिडकीवर नाव सांगायचा. वर मशीनच्या खोलीत काचेच्या तुकड्यावर काजळी धरायचे, काडीनं तिच्यावर अक्षरं कोरायचे आणि ती काच दुसऱ्या दिव्यासमोर धरायचे. पडद्यावर, सिनेमातल्या माणसांच्या अंगावर, पांढरी अक्षरं उमटायची. बहुतेक वेळा नाव डॉक्टरचं असायचं. मग कुणीतरी कोट सावरत उठायचं आणि सगळ्यांच्या नजरा त्याच्या पाठीवर. आम्हाला त्याचा फार हेवा वाटायचा.

“बाबा, आपलं नाव कधी येईल?” ताईनं एकदा विचारलं होतं.

“मास्तरले कोण बोलावते वं? फळा पुसायले?” बाबा म्हणाले, आणि मागच्या रांगेतलं कुणीतरी हसलं.

त्या वर्षी ‘आपला’ लागला तेव्हा आई आली नाही. सकाळपासून तिला दम लागत होता, पण तसा तो लागतच असे. ती म्हणाली, कुसुमकाकूंच्या गच्चीवर तिचे पापड वाळत पडले आहेत, वारं सुटलं तर कोण गोळा करेल. बाबा म्हणाले, मग आपण उद्या जाऊ. “उद्या काहून? पोरी नटून बसल्या,” आई म्हणाली. तिनं ताईची वेणी पुन्हा घट्ट बांधली, माझ्या तोंडावर पावडर थापली आणि डबा हातात दिला. ताईला म्हणाली, “तिसरं कडवं नीट ऐकून ये. मागल्या खेपेले जिन्यावर तिनं एक शब्द जरा लांबवला होता, मले तो सापडून नाही राहिला. तू आणून दे.” आम्ही गल्लीच्या टोकाला वळलो तेव्हा ती दारात उभी होती. हे मला आठवतं की मी नंतर जुळवलं आहे, ते आता सांगता येत नाही.

इंटरवल झाला. बाबांनी शेंगदाणे घेतले. दिवे गेले, गाणं सुरू झालं. पहिलं कडवं झालं असेल नसेल, तेवढ्यात पडद्याच्या वरच्या बाजूला, जिथं गच्चीवरची पाण्याची काळी टाकी दिसते, तिच्यावर लखलखीत अक्षरं आली: वानखेडे. खाली चादरी हलत होत्या.

मला आधी आनंद झाला. हे लिहायला मला किती दिवस लागले ते माझं मला माहीत. मी बाबांचा हात हलवून म्हणाले, “आलं! बाबा, आपलं आलं!” बाबा उठले. त्याच वेळी पुढच्या रांगेत एक धिप्पाड माणूस उठला, त्याच्यामागं त्याची बायको आणि दोन मोठी मुलं. डावीकडून आणखी एक म्हातारे गृहस्थ. आमच्या भागात वानखेडे काही कमी नाहीत. तो धिप्पाड माणूस जवळजवळ पळतच दाराकडे गेला; त्याची बायको तिथूनच रडायला लागली होती, “माय वं, सासूबाई गेल्या माझ्या!” बाबा त्यांच्या मागून दारापर्यंत गेले. मी त्यांच्याकडेच पाहत होते. दाराचा पडदा बाजूला झाला, उन्हाची एक तिरीप आत आली, गेटकीपर हात हलवताना दिसला, आणि बाबा परत फिरले. तोवर पडद्यावरची अक्षरं गेली होती.

“आपलं नाही,” खुर्चीत बसत बाबा हळूच म्हणाले. “कामठीचे वानखेडे होते. त्यांची आई आजारी हाये म्हणे. गेले बिचारे. पाहा तुम्ही.”

जिन्यावरचं कडवं सुरू झालं होतं. सगळं टॉकीज गप्प होतं. मी शेंगदाणे चावायचे थांबले, कारण ताई त्या कडव्याला आवाज केला तर चिमटा काढायची. त्या दिवशी तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही.

आम्ही सिनेमा फलाटावरच्या भेटीपर्यंत पाहिला. बाहेर आलो, उसाचा रस प्यालो. बाबा खुशीत होते, मला खांद्यावर घेऊन चालू लागले. मी ताईला म्हणाले, “म्हण नं गाणं.” दर वर्षी परतीच्या वाटेवर ती गायची. ती म्हणाली, घसा दुखतो. टॉकीजपासून धंतोलीतला तो दवाखाना इतका जवळ होता की चालत गेलो असतो तरी पोचलो असतो. आम्ही त्याच्याकडे पाठ करून महालाकडे निघालो.

घराला कुलूप होतं. कुसुमकाकूंच्याही घराला. गल्लीतल्या एका म्हाताऱ्या बाईनं आम्हाला पाहून कपाळावर हात मारला. “मास्तर, तुमी इथं काय करून राहिले? तुमाले बोलवाले गेले होते नं टॉकीजमंदी? बाईले धंतोलीत नेलं!” बाबांनी मला खाली उतरवलं. त्यांच्या हातातून डबा पडला. तो गडगडत गटाराच्या कडेला जाऊन थांबला आणि कुणीच तो उचलला नाही. सायकलरिक्षात बाबा एकच वाक्य म्हणत होते, “ते तर कामठीचे होते. ते कामठीचे होते नं?” रिक्षावाला पेडल मारत मागं वळून म्हणाला, “जी?”

आम्ही पोचायच्या थोडं आधी आई गेली होती. पापड गोळा करायला ती कुसुमकाकूंच्या जिन्यानं चढली आणि वरच्या पायरीवर बसली ती उठलीच नाही, असं काकूंनी सांगितलं. काकूंचे यजमान सायकलनं टॉकीजवर गेले, खिडकीवर ‘वानखेडे मास्तर, महाल’ असं सांगितलं, स्लाइड लावतो असं कबूल करून घेतलं आणि औषध आणायचं होतं म्हणून तसेच परत फिरले. मग सगळे वाट पाहत बसले. “शुद्धीवर होती वं शेवटपर्यंत,” काकू बाबांना सांगत होत्या, आणि त्यांना गप्प बसवायला हवं होतं हे तिथं कुणाला सुचलं नाही. “आल्या का पोरी, आल्या का पोरी, एवढंच. मी म्हणे, येऊन राहिल्या, मंदाच्या आई. रस्त्यात हायेत.”

मी रडले नाही. मला काही समजत नव्हतं. एकच गोष्ट डोक्यात फिरत होती, की आपलं नाव खरंच आलं होतं.

तेराव्याच्या आधी एक दिवस तो धिप्पाड माणूस आमच्या दारात उभा राहिला. हातात टोपी. त्या दिवशी तो बायकामुलांना घेऊन कामठीला धावत गेला, तर त्याची आई ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती. तिनं विचारलं, सिनेमा एवढ्या लवकर कसा सुटला? ते सगळे आधी हसले, मग त्यांना जेवण जाईना. दुसऱ्या दिवशी तो टॉकीजवर येऊन भांडला, कुणाचा निरोप होता ते विचारून घेतलं, आणि महालात वानखेडे मास्तरांचं घर शोधत आला. दारातच म्हणाला, “मास्तर, तुमचा निरोप मी घेऊन गेलो.” बाबा उठून त्याच्यासमोर उभे राहिले. आम्हा दोघींना वाटलं, आता बाबा त्याला मारतील. बाबांनी विचारलं, “तुमच्या आई कशा आहेत?”

“बऱ्या हायेत जी.”

“बरं झालं,” बाबा म्हणाले, आणि त्याला बसायला पाट दिला.

त्यांनी त्याला कधी दोष दिला नाही. टॉकीजलाही नाही. आल्यागेल्याला ते एकच सांगायचे, आणि पुढे सांगणंही बंद झालं तरी आम्हाला ते ऐकू यायचं: “मी अर्धंच वाचलं. जन्मभर पोरांना सांगतो, प्रश्न पूर्ण वाचा, मग उत्तर लिहा. आणि मी नुसतं नाव वाचून उठलो.” काचेवर नावानंतर ‘मास्तर, महाल’ लिहिलेलं असणार हे त्यांना आता ठाऊक होतं. ते आपल्याला का दिसलं नाही याचं उत्तर त्यांनी स्वतःपुरतं काढलं होतं: घाईत पाहिलं नाही. वर्गात ते आता प्रश्न फळ्यावर लिहून सगळ्या पोरांकडून मोठ्यानं वाचून घ्यायचे, दोनदा, तीनदा. पोरं त्यांची नक्कल करायची. त्यातली काही मला नंतर भेटली; मास्तरांची आठवण म्हणून हेच सांगतात आणि हसतात. मीही त्यांच्याबरोबर हसते.

त्या गाण्यातून मात्र सुटका नव्हती. आईच्या माघारी ते संपायला हवं होतं असं मला वाटायचं, निदान आमच्या गल्लीपुरतं. ते वाढतच गेलं. गणपतीच्या मंडपात ते लागायचं, वरातीतला बँड तेच वाजवायचा, पानठेल्यावरच्या रेडिओतून सकाळ-संध्याकाळ तेच. बाबांबरोबर चालताना ते कानावर आलं की बाबा काही न बोलता दुसऱ्या गल्लीत वळायचे, आणि आम्ही भाजी आणायला निघून भलत्याच ठिकाणी पोचायचो. घरातला रेडिओ त्यांनी कुणाला तरी देऊन टाकला. ताई गायची थांबली. लोकांना वाटलं, पोरीनं आईचा धसका घेतला. मलाही तेच वाटलं. तिच्यावर घर पडलं होतं, स्वयंपाक, माझ्या वेण्या, बाबांचं पथ्य. गायला वेळ कुठं होता? मी पुस्तकांत तोंड खुपसून मोठी झाले. आणि एक गोष्ट मला तेव्हाही समजत नव्हती, आजही नाही: कुठून तरी ते सूर आले की पहिल्या क्षणाला मला बरंच वाटायचं. आई आठवण्याच्याही आधी. मग आई आठवायची, आणि स्वतःची भीती वाटायची.

ताईचं लग्न झालं ते नागपुरातच, नंदनवन वस्तीत. भाऊजी स्वभावानं मोकळे. बाबा निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतः येऊन बाबांचं सामान उचललं आणि त्यांना आपल्या घरी नेलं. मी तोवर एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला लागले होते, दर रविवारी तिकडे जेवायला जायची. नागपुरात टीव्ही नुकताच आला होता. भाऊजींनी घेतला, आणि रविवारच्या संध्याकाळी सगळी आळी त्यांच्या पुढच्या खोलीत येऊन बसू लागली. ताई त्या दिवशी गोळाभात करायची, फोडणीचं तेल कढवून वरून घालायची, आणि त्याच्या वासानं पोरं सिनेमा सुरू होण्याआधीच हजर व्हायची.

एका रविवारी कुठला सिनेमा आहे ते भाऊजींना ठाऊक नव्हतं. नावं सुरू झाली आणि एक शेजारीण आनंदानं ओरडली. ‘आपला’ होता. मी ताईकडे पाहिलं. तिच्या हातात पाण्याचा तांब्या होता, तो तिनं खाली ठेवला. बाबा आरामखुर्चीत होते. खोली माणसांनी भरलेली. बंद करा कसं म्हणणार? भाऊजींना काहीतरी उमगलं, ते बटणापाशी गेले. बाबा म्हणाले, “राहू द्या. लोक आलेत.”

मी सिनेमा पाहिलाच नाही, बाबांना पाहत होते. ते ताठ बसले होते, परीक्षेला बसल्यासारखे. नायकाच्या बापाचं भाषण या खेपेला पूर्ण ऐकू आलं. मग गच्ची आली, पाण्याची टाकी आली, आणि खाली पडदाभर चादरी. गाणं सुरू झालं. बाबा पुढं झुकले. आणखी झुकले. चादरी वाऱ्यानं फुगत होत्या, टीव्हीच्या काचेवर दुसरं काही नव्हतंच, पांढऱ्यावर पांढरं. बाबांनी हात वर केला आणि बोटानं हवेत टाकी दाखवली, मग तिच्याखालची जागा.

“इथं नाव,” ते म्हणाले. “आणि इथं बाकीचं. चादरीवर. पांढरी अक्षरं पांढऱ्या चादरीवर.” ते माझ्याकडे वळले. “दिसणारच नव्हतं. बेबी, पाहा, कुणालेच दिसणार नव्हतं!”

पोरं मागं वळून पाहू लागली. बाबा रडत होते आणि हसतही होते. इतक्या वर्षांत मी त्यांना असं पाहिलं नव्हतं. मला वाटलं, इतकी वर्षं डोक्यावर टेकलेलं घराचं छप्परच कुणीतरी उचलून नेलं. मी ताईला सांगायला वळले, तर ती उठून आत निघाली होती. पुढच्या खोलीत तिसरं कडवं सुरू झालं, वाद्यं थांबली.

ती ओट्याला धरून उभी होती. मी म्हणाले, “ताई, ऐकलंस? बाबा बघ—”

“मी वाचलं होतं,” ताई म्हणाली.

“काय वाचलं होतंस?”

“ती जिन्यात उतरली नं, तवा काच होती अजून. घडीभर. बाबा दाराकडं होते. जिना काळा हाये, बेबी. त्यावर सगळं दिसलं. वानखेडे मास्तर, महाल.” तिनं हे अगदी हळू सांगितलं, गृहपाठ म्हणून दाखवावा तसं. “मग बाबा आले नि म्हणाले, आपलं नाही. मले वाटलं, बाबांनी विचारलं असंल. आणि कडवं सुरू झालं होतं. आईनं तो शब्द आणायले सांगितला होता. मी म्हटलं, कडवं होऊ दे. कडवं झालं की सांगू. मग झालं, तर तोंडच उघडेना. आता सांगितलं तर बाबा म्हणतील, आधी काहून नाही सांगितलं. म्हणून नाही सांगितलं.”

मी ओट्यावर हात ठेवला, कारण कुठं तरी ठेवायला हवा होता. ताई तेव्हा किती लहान होती, हा हिशेब माझ्या मनात येतच होता, पण तिच्या चेहऱ्यापुढं तो मांडता आला नाही. इतकी वर्षं आम्ही एका अंथरुणावर झोपलो, एका ताटात जेवलो, आणि ती हे घेऊन माझ्या वेण्या घालत होती.

“बाबांना सांगते मी आता,” ती म्हणाली. “त्यांनी कितीक वर्षं स्वतःले खाल्लं.”

तेवढ्यात बाहेरून बाबांनीच हाक मारली. “मंदे! इकडं ये वं जरा.”

आम्ही दोघी दारात आलो. गाणं संपलं होतं. बाबांचा चेहरा ओला होता, आणि असा तरुण की मला आईच्या वेळचं घर आठवलं. ते म्हणाले, “मंदे, मी तर दाराकडं गेलो होतो. तू बसून होतीस. तू सांग. काही दिसलं होतं का तुले? खरं सांग. नाहीच नं दिसलं?”

सगळी खोली आमच्याकडे पाहत होती, कशाबद्दल चाललं आहे ते कुणालाच माहीत नव्हतं. मी ताईकडे पाहिलं नाही.

“नाही बाबा,” ताई म्हणाली. “चादरीच होत्या नुसत्या.”

“बस,” बाबा म्हणाले. त्यांनी डोळे पुसले. “बस झालं मग.” आणि भाऊजींना म्हणाले, “आवाज वाढवा हो जरा, आता ती ताटातूट आहे.”

त्या रात्री त्यांनी गोळाभात दोनदा मागून घेतला. मी तिथंच मुक्काम केला. त्याबद्दल ताईशी मी काही बोलले नाही आणि ती माझ्याशी काही बोलली नाही. पुढेही नाही. बाबा गेले, भाऊजी गेले, आणि आता या उन्हाळ्यात ताई गेली. तिच्या तेराव्याला आलेल्या एका नातवाच्या फोनवर तेच गाणं वाजत होतं. त्याला ठाऊकही नसेल ते किती जुनं आहे. फोन घाईनं बंद करत तो म्हणाला, “सॉरी आजी.” मी म्हणाले, असू दे. हे लिहायला बसले ते त्या संध्याकाळपासून.

पण मला सांगायचं आहे ते टीव्हीवर ‘आपला’ लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळचं. मला जाग आली ती कुणाच्या तरी गुणगुणण्यानं. बाबा अंगणात आरसा टेकवून दाढी करत होते, आणि तिसरं कडवं म्हणत होते. बेसूर, जसं यायचं तसं, एक ओळ तीन तीनदा. त्यांना ते येतं हेच आम्हाला माहीत नव्हतं. मी स्वयंपाकघरात गेले. ताई पोळ्या करत होती. तिचं लाटणं थांबलं होतं. बाहेर बाबा जिन्यावरच्या त्या शब्दापाशी आले, तो चुकले, आणि पुन्हा सुरुवातीपासून म्हणू लागले. ताईनं पिठात बोटं बुडवली आणि पुढची पोळी लाटायला घेतली. बाबा त्यानंतर बरीच वर्षं जगले, आणि रोज सकाळी गात राहिले.